ट्यूबलाइट उशिरा का पेटते? (पट्टी बदलताना घ्यायचा एक पाठ)



वर्गात एखाद्याला उत्तर उशिरा सुचलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "ट्यूबलाइट आहे रे!" परवा आठवीच्या वर्गात हेच झालं. मी रागावण्याआधीच ज्याला चिडवलं होतं त्या मुलाने विचारलं, "बाई, पण ट्यूबलाइट तर बटण दाबलं की लगेच लागते. मग मला ट्यूबलाइट का म्हणतात?"

त्याचं बरोबर होतं. त्याच्या घरी पहिल्यापासून एलईडीची पट्टी. बटण दाबल्यावर दोन-तीनदा लुकलुकणारी, 'टिंग टिंग' करणारी आणि मग पेटणारी ट्यूब त्याने पाहिलेलीच नाही. शब्द उरला, वस्तू गेली. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ती वस्तू अजून होती, आणि ती बदलायची मी दोन वर्षं टाळत होते. म्हटलं, बदलायचीच आहे तर पाठ घेऊनच बदलू. त्यातून जे निघालं ते इथे लिहिते आहे. त्यात माझी एक चूकही आहे, तीही लिहिते.

आधी ट्यूब समजून घेऊ

मुलांना मी एक बिघडलेली पट्टी उतरवून टेबलावर दाखवली. वायर कुठेही जोडलेली नाही, हे आधी सगळ्यांना दाखवून. तीन वस्तू: काचेची नळी, पट्टीच्या आत लपलेला जड चोक, आणि बाटलीच्या बुचाएवढा स्टार्टर.

नळीत अगदी थोडा पारा आणि आरगॉनसारखा वायू असतो. दोन्ही टोकांना बल्बमध्ये असते तशी बारीक तार. बटण दाबलं की नळीतून लगेच वीज वाहू शकत नाही, कारण आतला वायू थंड असताना वीज जाऊ देत नाही. मग सगळा दाब येतो स्टार्टरवर. स्टार्टरच्या आतल्या छोट्या काचेच्या कुपीत वायू आणि दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. वायू चमकतो, पट्टी तापते, वाकते आणि समोरच्या तारेला टेकते. (सातवी-आठवीत 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' शिकवतो ना, ते हेच. दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात म्हणून पट्टी वाकते.) टेकल्यावर चोकमधून आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून वीज वाहते, तारा लाल होतात. पण टेकल्यामुळे स्टार्टरमधला वायू चमकायचा थांबतो, पट्टी थंड होते आणि सुटते. सुटण्याच्या त्या क्षणी चोक एकदम काहीशे व्होल्टचा झटका देतो, आणि नळीत ठिणगी पडते. पडली तर पडली. नाही पडली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ती लुकलुक.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा: पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तर काय होईल? माझ्या वर्गात बत्तीसपैकी एकोणतीस जणांनी सांगितलं, विझेल. विझत नाही! ट्यूब पेटल्यावर स्टार्टरचं काम संपलेलं असतं. चोकचं मात्र संपत नाही. पेटलेल्या नळीतून वीज बेलगाम वाढायला बघते, तिला लगाम घालायचं काम चोक करत राहतो. रात्री शांततेत जी गुणगुण ऐकू येते ती त्याचीच. (हा प्रयोग तोंडीच ठेवा. चालू पट्टीत मुलांनी हात घालायचा नाही.)

पेटलेल्या पाऱ्याच्या वाफेतून बाहेर येतो तो मुख्यतः अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. काचेच्या आतून लावलेली पांढरी पूड तो शोषून दिसणारा प्रकाश देते. म्हणजे आपल्याला ट्यूब दिसते ती खरं तर ती पूड दिसते.

एलईडीतही अशीच पूड असते, हे मला स्वतःला नव्याने कळलं. पांढरा प्रकाश देणारी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावर पिवळी पूड असते. निळ्याचा काही भाग पूड पिवळा करते, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून दाखवा, आतले पिवळे चौकोन म्हणजे तेच. लाल एलईडी १९६० च्या दशकापासून होती, पण चांगली उजळ निळी एलईडी बनायला १९९० चं दशक उजाडलं. ती बनवणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना सांगा, निळा रंग सापडत नव्हता म्हणून घरात एलईडी येत नव्हती. त्यांना हे फार आवडतं.

मीटरसमोर उभं राहून

ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेलं असतं (जुन्या जाड ट्यूबवर ४०), एलईडी पट्टीवर २०. फरक १६, असं मुलं लगेच सांगतात. इथे थांबायचं. आकडा छापलेला आहे म्हणून खरा मानायचा का? मोजून बघू या.

घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी बारीक अक्षरात ३२०० असा आकडा आणि पुढे 'इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' या अर्थाची अक्षरं असतात. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागलं की ११२५ ज्यूल. म्हणजे दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, उत्तर थेट वॅटमध्ये! तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा.

मी घरी हे केलं. फ्रीज बंद, टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढलेला, मोबाईलचे चार्जर काढलेले. पहिल्या खेपेला आकडा भलताच मोठा येत होता. मग लक्षात आलं, कोपऱ्यातला इन्व्हर्टर मुकाट्याने चार्ज होत होता. तोही बंद केला. फक्त स्वयंपाकघरातली ३६ वॅटची ट्यूब चालू. दहा लुकलुकींना २३६ सेकंद लागले. एकीला २३.६ सेकंद. ११२५ भागिले २३.६ म्हणजे जवळजवळ ४८ वॅट.

वरचे १२ वॅट चोक खातो. तो हाताला गरम लागतो तो याचमुळे. दुसऱ्या दिवशी २० वॅटची एलईडी पट्टी लावल्यावर दहा लुकलुकींना ५७५ सेकंद लागले, म्हणजे साडेएकोणीस वॅट. फरक १६ नाही, २८. (इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर त्याची खादाडी खूप कमी असते, तिथे फरकही कमी येईल.)

आयटीआयला असलेला माझा भाचा क्लॅम्प मीटर घेऊन आला होता. त्याने ट्यूबचा करंट मोजला, ०.४३ अँपिअर. आणि म्हणाला, "मावशी, २३० गुणिले ०.४३ म्हणजे ९९. तुझं ४८ चुकलंय." आम्ही अर्धा तास वाद घातला. दोघांचंही बरोबर होतं. चोकमुळे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, दोघांचे चढ-उतार एका वेळी होत नाहीत, म्हणून नुसता गुणाकार करून वॅट मिळत नाहीत. याला पॉवर फॅक्टर म्हणतात, इथे तो ०.४८ च्या आसपास. घरगुती मीटर युनिट मोजतो, त्यामुळे बिल ४८ वॅटचंच. दहावीपर्यंत हे शिकवायची गरज नाही, पण एखादा चौकस मुलगा अडवेल तेव्हा आपल्याला माहीत असलेलं बरं.

पैशांचा हिशेब, आणि कुठे घाई करू नये

२८ वॅट, रोज ६ तास. दिवसाला १६८ वॅट-तास, वर्षाला सुमारे ६१ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ४९० रुपये. पट्टी २५० रुपये आणि वायरमनचे १०० धरले तर साधारण साडेआठ महिन्यांत पैसे वसूल.

आता हाच हिशेब न्हाणीघरातल्या ट्यूबला लावा. ती दिवसातून अर्धा तास जळते. वर्षाला ५ युनिट, ४० रुपये. ३५० रुपये वसूल व्हायला साडेआठ वर्षं! तेव्हा ती चालतेय तोवर चालू द्या. दुकानदार 'सगळं घर एकदम बदला' म्हणतो तेव्हा त्याचा हिशेब वेगळा असतो. मुलांना हे दोन्ही हिशेब करायला द्या, एकच देऊ नका.

पालकांसाठी एक गोष्ट: युनिटचा दर बिल बघून ठरवा. आपल्याकडे टप्प्यांचे दर असतात. वाचणारं युनिट वरच्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून त्याची किंमत सरासरीपेक्षा जास्त असते. स्थिर आकार मात्र जिथल्या तिथे राहतो. आणि खरी मोठी वीज पंखे, फ्रीज, गिझर खातात. दिवे बदलून बिल निम्मं होईल अशी आशा कुणी दाखवली तर तिच्यावर विसंबू नका.

देशाच्या पातळीवर मात्र थेंबाथेंबाचं तळं झालं. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. ट्यूब मात्र ७२ लाखांच्या आसपास. माझ्या मते यामुळेच बल्ब कधीच गेले आणि जुन्या पट्ट्या शाळांच्या, पतसंस्थांच्या, समाजमंदिरांच्या भिंतींवर अजून टिकून आहेत.

प्रकाश कमी झाला का?

नवी पट्टी लावल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उजेड पडतोय गं, पण खोली अंधारी वाटते." मी आधी हसले, पण त्यांचं निरीक्षण अचूक होतं. नळी चहूबाजूंनी प्रकाश फेकते, छताकडेसुद्धा. एलईडी पट्टी मुख्यतः समोर फेकते. ओट्यावर उजेड भरपूर, पण वरची फडताळं आणि छत काळोखं.

खोक्यावर वॅट नव्हे, ल्युमेन बघा. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे मिळालेला प्रकाश. साधी ३६ वॅटची ट्यूब नवी असताना सुमारे २४५० ल्युमेन देते, २० वॅटची बरी एलईडी पट्टी सुमारे २०००. पण ट्यूबचा निम्माअधिक प्रकाश छताला आणि पट्टीला आपटून येतो, त्यामुळे टेबलावर दोन्ही जवळजवळ सारख्या पडतात. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण त्याच मोबाईलने त्याच जागी आधी आणि नंतर मोजलं तर तुलना चांगली होते. वर्गात बाकावर साधारण ३०० लक्स असावा असं धरतात. आमच्या शेवटच्या बाकावर पावसाळी दुपारी मोबाईलने ११० दाखवले. तिथे बसणाऱ्या मुलांना मी वर्षभर 'फळ्यावर लक्ष नाही' म्हणून बोलत होते.

आणि हो, ६५०० के म्हणजे जास्त गरम प्रकाश नव्हे. आकडा वाढतो तसा प्रकाश पांढरा-निळसर होतो, ३००० के पिवळसर. अभ्यासाच्या टेबलाला ४००० च्या आसपासचा मला बरा वाटतो. एलईडीने मुलांचे डोळे जातात का, हे पालक फार विचारतात. दुधी झाकण असलेल्या घरगुती पट्टीच्या नेहमीच्या वापराने डोळे जात नाहीत. उघड्या एलईडीकडे टक लावून बघू नये, डोळे दिपतात. झोपायच्या आधी मात्र भगभगीत पांढऱ्या उजेडात बसल्याने झोप लांबते, हे खरं आहे.

बदलताना: वायरमनलाही विचारायचे प्रश्न

दोन मार्ग आहेत. एक, जुनी पट्टी ठेवून तिच्यातच एलईडीची नळी बसवायची. दोन, पूर्ण पट्टी उतरवून नवी लावायची. मी दुसरा सांगते, आणि त्याला कारण आहे.

एलईडीच्या नळ्या दोन जातींच्या असतात. एकीला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, दुसरीला एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. दिसायला जुळ्या बहिणी. वायरमन चोक काढून एका जातीसाठी पट्टीची जोडणी बदलून जातो. तीन वर्षांनी ती नळी जाते, आणि घरातलं कुणीतरी माळ्यावरची जुनी ट्यूब किंवा दुसऱ्या जातीची एलईडी तिथे बसवतं. एका टोकाच्या दोन पिनांवर थेट २३० व्होल्ट असतील तर जुन्या ट्यूबची तार फाटकन जळते, दुसऱ्या जातीची एलईडी असेल तर सरळ शॉर्ट. माझ्या माहेरी हे झालंय. एमसीबी पडला म्हणून बचावलो. पट्टी तशीच ठेवणारच असाल तर तिच्यावर मार्करने लिहून ठेवा: 'चोक काढला आहे, जुनी ट्यूब लावू नये'.

दुसरी गोष्ट, बटण बंद केल्यावरही एलईडी अंधारात मंद तेवत राहते का बघा. बऱ्याच घरात राहते. काही वेळा बटणातल्या इंडिकेटरमुळे, पण पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. म्हणजे बटण बंद केलं तरी पट्टीपर्यंत वीज पोचलेलीच! जुनी ट्यूब हे गुपित पोटात ठेवायची, एलईडीला इतका थोडा प्रवाहही पुरतो म्हणून ती सांगून टाकते. दिवा बदलताना, जळमटं काढताना याच घरात झटका बसतो. वायरमन आलाच आहे तर हे दुरुस्त करून घ्या, आणि काम करताना नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद.

खरेदीत बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि पक्कं बिल बघा. '२५,००० तास' हे एलईडीच्या चकत्यांचं आयुष्य असतं, आधी जातो तो आतला ड्रायव्हर, आणि तो जातो उष्णतेने. बंद पडलेल्या पट्टीतली जळालेली चकती तारेने जोडून पुन्हा चालू करायचे व्हिडिओ मुलं बघतात. त्यांना स्पष्ट सांगा, आतल्या भागांना थेट घरातला २३० व्होल्टचा दाब लागून असू शकतो.

आता माझी चूक

पाठासाठी शाळेच्या सामानखोलीतून जुन्या ट्यूब बाहेर काढल्या. मधल्या सुट्टीत दोघांनी तलवारबाजी केली आणि एक फुटली. व्हरांड्यात पांढरी पूड आणि काचा. मी नेहमीच्या सवयीने जवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातात झाडू दिला. तिने झाडलं, मोठे तुकडे हाताने उचलले, बोट थोडं कापलं. पंधरा मिनिटांनी फळ्यावर 'पारा' लिहिताना माझ्याच हातातला खडू थांबला. ट्यूब कशी पेटते हे मीच शिकवत होते, आणि फुटल्यावर काय करायचं ते मीच विसरले होते.

घाबरवायचं नाही, पण सांगायला हवं. एका ट्यूबमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो. उघड्या व्हरांड्यात एक फुटल्याने मोठं संकट येत नाही. पण झाडूने पूड हवेत उडते, आणि वाकून झाडणाऱ्या मुलाच्या नाकाशी ती जाते. करायचं ते असं: मुलांना बाजूला करा, दारं-खिडक्या उघडा, पंखा बंद, दहा-पंधरा मिनिटं तिथे कुणी जाऊ नका. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत घट्ट बंद करा. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. तिची आई अंगणात भांडी घासत होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पारा म्हंजे थर्मामीटरमधला ना बाई? आमच्या लहानपणी फुटला तर आम्ही हातावर खेळवायचो." मी म्हटलं, आम्हीही. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सांगाया आलात ते बरं केलं. उद्यापासून तिला झाडाया नका लावू." ते वाक्य ट्यूबपुरतं नव्हतं, हे मला घरी येताना कळलं. आमच्या वर्गात झाडू नेहमी मुलींच्याच हातात जातो. आता पाळी लावली आहे, मुलगे धरून.

जपानच्या मिनामाटा गावात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात २०१८ पासून आहे. या करारातल्या देशांनी २०२३ च्या बैठकीत ठरवलं की २०२७ पर्यंत पारा असलेल्या फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची. म्हणजे ट्यूब आता दुकानातून जाणारच. पण भिंतींवरच्या आणि माळ्यांवरच्या ट्यूब कुठे जाणार? घंटागाडीत टाकल्या की त्या पहिल्याच वळणावर फुटतात, आणि गाडीवर आपल्यासारखीच माणसं असतात. ई-कचऱ्याच्या नियमांत २०१६ पासून असे दिवे येतात, त्यामुळे नगरपालिकेकडे ई-कचरा कधी घेतात ते विचारा. आमच्याकडे तालुक्याला गाडी यायला चार महिने लागले. तोवर सामानखोलीतल्या सात ट्यूब जुन्या पुठ्ठ्याच्या खोळीत घालून, कपाटावर आडव्या बांधून ठेवल्या होत्या, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी लिहिली ती तलवारबाजी करणाऱ्या दोघांनी.

मुलांना घरी करायला:

१. घरातले सगळे दिवे मोजा. कोणता किती तास जळतो ते आठवडाभर लिहा.

२. मोठ्यांना सोबत घेऊन मीटरच्या दिव्यावरून एका पंख्याचे वॅट काढा. ३२०० च्या मीटरवर दोन लुकलुकींत १५ सेकंद गेले तर उत्तर किती?

३. बटण बंद केल्यावर रात्री तेवणारा दिवा आहे का? असेल तर हात न लावता घरच्यांना दाखवा.

४. घरात माळ्यावर जुनी ट्यूब आहे का? ती कुठे आणि कशी ठेवली आहे, त्याचं चित्र काढा.